कीर्दीची दोन गावे

वालावलच्या लक्ष्मीनारायणाच्या देवळाला लागूनच तळे आहे आणि थोडे पुढे कर्लीची खाडी. कुडाळदेशकर घराण्यांतल्या अनेकांचे हे कुलदैवत. त्यामुळे या देवाची माणसे गावात थोडी आणि बाहेर पुष्कळ. कोणी गिरगावात, कोणी गोव्यात, कोणी बेळगावात, तर कोणी पार अमेरिकेत. अशा देवाचा हिशेब एका ठिकाणी मावत नाही. पैसा जमतो एकीकडे, खर्ची पडतो दुसरीकडे. कोकणातली देवस्थाने, ग्रामस्थ मंडळे, वाचनालये यांच्या हिशेबाची सगळी कहाणी या एकाच अडचणीभोवती फिरत आली आहे. हिशेबाचे क्लाउडवरचे सॉफ्टवेअर निवडायला बसलेल्या विश्वस्तांनी आधी ती कहाणी ऐकावी.

मराठी दप्तराची जुनी शिस्त रोजकीर्दीची. दिवसाच्या आरंभी मागील शिल्लक, मग जमा, मग खर्च, शेवटी बाकी. कीर्दीवरून रकमा ज्याच्या त्याच्या खात्यात चढवायच्या ती खतावणी, खतावणीचा गोषवारा म्हणजे तेरीज आणि वर्षअखेर ताळेबंद. लिपी मोडी, लेखणी बोरूची. कागद कापडात बांधून ठेवत, त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. वर्ष मोजले जाई मृगसालाने, म्हणजे मृग नक्षत्र लागले की नवे साल. पावसावर जगणाऱ्या मुलखाला ते सोयीचेच होते. खाडाखोड होई, पण चांगला कारकून चुकलेला आकडा वाचता येईल असाच खोडत असे. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

देवाचे उत्पन्न तेव्हा नुसते रुपयांत नव्हते. भात खंडी-कुडवात येई, नारळ नगावर, सुपारी वजनावर. जत्रेत देवापुढे आलेल्या केळ्या-नारळांची पावणी होते, म्हणजे देवळातच बोली लावून लिलाव. एकाच्या नवसाचा घड दुसरा चढ्या बोलीने प्रसाद म्हणून घेऊन जातो आणि ती रक्कम देवाच्या खात्यात जमा होते. नंदादीपाला दिलेला पैसा नंदादीपालाच, पालखीला दिलेला पालखीलाच, जीर्णोद्धाराचा जीर्णोद्धारालाच. आजचे हिशेबनीस ज्याला निधीनिहाय हिशेब म्हणतात तो कोकणी देवळाला नवा नाही. खात्यांची सरमिसळ झाली तर देणाऱ्याचा शब्द मोडतो, हे गावकऱ्यांना कायदा येण्याआधीच ठाऊक होते.

सीमेपलीकडे गोव्यात पोर्तुगिजांनी या कारभाराला लेखी चौकट घातली. देवळांच्या महाजनांच्या मंडळांसाठी, म्हणजे माझानींसाठी, 1886 मध्ये नियम आले आणि 1933 मध्ये देवस्थान नियमावली. इकडे कुडाळ महाल सावंतवाडी संस्थानात होता. संस्थान 1948 मध्ये विलीन झाले आणि त्याच वर्षी मुंबई सरकारने सार्वजनिक न्यासांच्या कारभाराची चौकशी करायला न्यायमूर्ती तेंडोलकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेंडोली हे गाव वालावलच्या शेजारचे; हे आडनाव त्याच मातीतले. समितीपाठोपाठ मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 आला. न्यासाची नोंदणी, नियमित हिशेब, 31 मार्चला ताळेबंद, लेखापरीक्षण आणि वर धर्मादाय आयुक्त. कायद्याला आव्हान मिळाले, पण सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये रतिलाल गांधी खटल्यात त्याचा बराचसा भाग ग्राह्य धरला. मृगाला सुरू होणारे देवाचे वर्ष आता एप्रिलला सुरू होऊ लागले.

पाठोपाठ नाणेही बदलले. 1 एप्रिल 1957 रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै अशी बेरीज करत आलेल्या हातांना नवी वळणे लावावी लागली.

मात्र खरी गुंतागुंत मुंबईने निर्माण केली. गिरणगावात एका गावची माणसे एकाच गाळ्यात राहत, वर्गणी काढून भाडे भरत आणि गावाच्या कामासाठी फंड जमवत. त्या खोल्यांतून ग्रामस्थ मंडळे उभी राहिली. मंडळाची वही मुंबईत, देवळाची वही गावात. मुंबईहून पाठवलेली रक्कम गावच्या कीर्दीत कोणत्या तारखेला, कोणत्या नावाने चढली हे कळायला चाकरमान्याला गणपतीची किंवा शिमग्याची वाट पाहावी लागे. अनेक गावांतल्या भांडणांचे मूळ चोरीत नव्हते. दोन्ही वह्या खऱ्या असत, फक्त एकमेकींशी जुळत नसत. माणसांची अब्रू त्यात विनाकारण गेली, याचे वाईट वाटते.

संगणकाने सुरुवातीला हे अंतर मिटवले नाही. टॅली बनवणारी कंपनी 1986 मध्ये सुरू झाली आणि पुढे आपल्याकडे हिशेब म्हणजे टॅली असेच समीकरण झाले. तिची बेरीज चुकत नाही, पण वही लेखापरीक्षकाच्या कार्यालयातल्या एका यंत्रात बंद. वर्षभराच्या पावत्या पिशवीत घालून मार्चनंतर कुडाळला न्यायच्या, ही रीत कित्येक संस्थांत अजूनही आहे. ताळेबंद त्यामुळे तयार होतो, पण विश्वस्तांना वर्षभर काहीच दिसत नाही.

क्लाउडचे मोल इथे कळते. वही सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि परवानगी असलेला माणूस ती कुठूनही उघडतो. गावचा खजिनदार नोंद करतो आणि डोंबिवलीतला चिटणीस त्याच क्षणी ती पाहतो. वाळवी आणि ओल ही कोकणी दप्तराची जुनी दुखणी, तीही इथे लागत नाहीत. पण मे 2021 मधले तौक्ते वादळ आठवावे. किनारपट्टीवर वीज गेली, फोन बंद पडले. म्हणून पावतीपुस्तक कागदीच राहू द्यावे आणि नोंद मागाहून करावी. कागद आणि क्लाउड यांत निवड करायची गरजच नाही.

निवडताना पहिला प्रश्न किमतीचा विचारला जातो. तो चौथा-पाचवा असावा. आधी पाहावे की प्रत्येक निधीचे उत्पन्न, खर्च आणि शिल्लक वेगळी निघते का. दुकानदारांसाठी बनवलेल्या प्रणालीत नफा-तोटा सुबक निघतो, पण नंदादीपाच्या निधीत किती उरले हे विचारले की ती गप्प बसते. झोहो बुक्ससारख्या प्रणालीत टॅग लावून किंवा प्रकल्प पाडून हे साधता येते. मुंबईत घडलेली, मुक्त स्रोताची ईआरपीनेक्स्टही त्यासाठी वळवता येते, मात्र ती मांडून द्यायला जाणकार हवा. धर्मादाय कार्यालयाला लागणारा ताळेबंद अनुसूची 8 च्या आणि उत्पन्न-खर्च पत्रक अनुसूची 9 च्या नमुन्यात द्यायचे असते. ते तयार मिळत नसेल तर निदान आकडे त्या शीर्षकांखाली उतरवता यायला हवेत.

परदेशच्या देणगीचा पेच वेगळाच. अमेरिकेत राहणाऱ्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्या वालावलकराने आपल्या बचतीतून दिलेले पैसे विदेशी अंशदान ठरत नाहीत. त्याच्याच भावाने तिथले नागरिकत्व घेतले असेल, तर त्याचे ठरतात. त्यासाठी विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, वेगळा हिशेब हवा आणि 2021 पासून ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच यावी लागते. कुलदैवत एक, घर एक, पण खाती दोन. देणगीदाराच्या नोंदीत नागरिकत्वाचा रकाना नसेल, तर ही चूक कोणाच्या लक्षातही येत नाही.

ऑगस्ट 2022 मध्ये प्राप्तिकर नियमांत 17एए आला. धर्मादाय संस्थांनी कोणत्या वह्या ठेवायच्या हे त्यात आले, त्या इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवायची मुभा आली आणि संबंधित कर आकारणी वर्ष संपल्यापासून दहा वर्षे त्या जपण्याची अटही. कंपन्यांना तर 1 एप्रिल 2023 पासून असेच सॉफ्टवेअर वापरावे लागते ज्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. न्यासांवर ती सक्ती नव्हती, तरी तशीच प्रणाली घ्यावी. अशी प्रणाली म्हणजे वाचता येईल असे खोडणारा तो मोडी कारकूनच.

वह्या दहा वर्षे जपायचा भार मात्र सॉफ्टवेअर कंपनीच्या आयुष्यावर टाकता येत नाही. इंट्युट या बड्या अमेरिकी कंपनीने क्विकबुक्सची भारतातली सेवा बंद करत असल्याचे 2022 मध्ये जाहीर केले आणि पुढच्या वर्षी ती थांबली. ज्यांनी ती घेतली होती त्यांना आपली खतावणी उतरवून घेऊन दुसरीकडे बिऱ्हाड करावे लागले. म्हणून दर महिन्याला संपूर्ण कीर्द-खतावणी फाइलमध्ये काढून एक प्रत गावात आणि एक मुंबईत ठेवावी. जी प्रणाली ही प्रत सहज देत नाही, ती स्वस्त असली तरी घेऊ नये.

आणि मुख्य खाते संस्थेच्या नावाने, संस्थेच्या ईमेलवर उघडलेले असावे. कारण विश्वस्त बदलत राहतात; ते बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. कारभार हाती घेताना पूर्वी रुमाल मोजून घेत, तिजोरीची किल्ली आणि शिक्का घेत. आता त्या यादीत आणखी एक वस्तू आहे: ज्या फोनवर ओटीपी येतो, तो नंबर.