कापसाचा आकडा आणि यंत्राचा आकडा

सातपुड्याच्या दक्षिणेकडील पांढुर्णा व सौंसर हे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिले. घरची बोली मात्र मराठीच राहिली. जामसावळीच्या निद्रिस्त मारुतीच्या दर्शनास जाणाऱ्यांस हा संत्र्यांचा आणि कापसाचा मुलूख परिचित आहे. ज्या जिनसेवर येथला शेतकरी वर्षाची उमेद बांधतो, तिच्याच भावावर एके काळी मुंबईत असे लोक पैसे लावीत की ज्यांनी कापसाचे बोंड कधी हाती धरले नसेल. त्या जुगाराची कथा तारायंत्राशी व पुढे विजेच्या यंत्रांशी जोडलेली असल्यामुळे ती येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडता व बंद होता भाव टेलिप्रिंटरने मुंबईच्या कापूस बाजारात येई. जुगाऱ्यांस कापसाशी कर्तव्य नव्हते. त्यांस हवा होता केवळ आकडा. तो सातासमुद्रांपलीकडून येई, मुंबईतील कोणाचाही हात त्यास लागू शकत नसे, हेच त्याचे मोल. शकुनीचे फासे ज्यांच्या स्मरणात आहेत, त्या समाजास ह्या विश्वासाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. १९६१ साली न्यूयॉर्कहून हे भाव येणे थांबले. जुगार मात्र थांबला नाही. १९६२ साली कल्याणजी भगत ह्यांनी वरळीस व १९६४ साली रतन खत्री ह्यांनी स्वतंत्रपणे आकडा काढण्याचा धंदा मांडला. मडक्यातून चिठ्ठी निघे, म्हणून नाव पडले मटका. पुढे मडके जाऊन पत्ते आले. तारेची जागा माणसाच्या हाताने घेतली. तरी पत्ते निदान लोकांदेखत काढले जात.

अमेरिकेत ह्याच्या उलट घडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे ह्यांनी तीन चाकांचे जुगारयंत्र केले. अशा यंत्रात प्रत्येक चाकावर २२ घरे असली व मोठ्या बक्षिसाचे चिन्ह प्रत्येकी एकाच घरात असले, तर ते जुळण्याचा संभव १०,६४८ त एक. चाके डोळ्यांसमोर असल्याने हा हिशेब कोणासही करता येई. १९८४ साली इंगे तेलनेस ह्यांस अमेरिकेत ४४,४८,४१९ क्रमांकाचे पेटंट मिळाले. त्यांच्या योजनेत चाके केवळ देखाव्यापुरती. यंत्रातील गणक आधीच एक संख्या निवडतो व चाकास कोठे थांबावयाचे ते सांगतो. बाहेर २२ घरे दिसत असता आत ६४ संख्या ठेविल्या आणि त्यांतील एकच बक्षिसाची असली, की तोच संभव २,६२,१४४ त एक होतो! आम्हांस नवल वाटते ते ह्याचे की, संभव आहे त्याहून अधिक भासावा हा हेतू पेटंटाच्या लेखातच उघड मांडलेला आहे. शकुनीने आपली युक्ती सरकारदप्तरी नोंदविली नव्हती.

१९८६ साली नेवाडा राज्यात निरनिराळ्या जुगारगृहांतील यंत्रे टेलिफोनच्या तारांनी एका मध्यवर्ती गणकाशी जोडण्यात आली. कोठेही नाणे पडले की त्याचा अंश एकाच सामाईक बक्षिसात जमा होई व वाढता आकडा सर्वत्र झळके. मुंबईत तार बाहेरचा आकडा आणीत असे. येथे ती खेळणाऱ्यांचाच पैसा मोजू लागली.

ही यंत्रे आपल्यापासून फार दूर राहिली नाहीत. गोव्याच्या १९७६ च्या जुगारबंदी कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीन ठेवण्यास वाट मिळाली. १९९६ साली नौकांवरील मेजांच्या खेळांसही मिळाली, आणि मांडवीच्या पात्रात पुढे काय उभे राहिले ते गोमंतकीय वाचक जाणतातच. महाराष्ट्रानेही १९७६ सालीच जुगारगृहांस परवाने देण्याचा कायदा केला होता. तो अमलात न येताच पुस्तकात पडून राहिला व २०२३ साली रद्द झाला. त्याच वर्षी छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा व सौंसर मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. तेथील शेतकऱ्याचा कापूस मात्र अद्याप वजनकाट्यावर, त्याच्या डोळ्यांदेखत मोजला जातो.