सेकंडहँड गाडी, 63 दिवस आणि एक चेन

परगावची सेकंडहँड गाडी घेऊन स्वतः चालवत घरी आणायची म्हटलं की पोटात गोळा येतो ना? मग जॅक्सनचं ऐका. 1903, सॅन फ्रान्सिस्को. क्लबमध्ये पैज लागली, 50 डॉलरची: मोटारीने न्यूयॉर्क गाठता येतं की नाही? होरेशिओ नेल्सन जॅक्सन, व्हरमाँटचा डॉक्टर, स्वतःची मोटारसुद्धा नव्हती. पठ्ठ्याने थोडी वापरलेली 20 हॉर्सपॉवरची विंटन घेतली, क्रॉकर नावाचा मेकॅनिक बरोबर घेतला आणि 23 मे रोजी निघाला.

पक्के रस्ते जवळपास नाहीतच. मोठं काही बिघडलं की कारखान्याला तार करायची आणि रेल्वेने पार्ट येईपर्यंत गावात बसून राहायचं. एका बाईने तर घरच्यांना मोटार बघायला मिळावी म्हणून यांना मुद्दाम भलत्याच वाटेला लावलं! आयडाहोत बड नावाचा बुलडॉग घेतला. धुळीने त्याचे डोळे चुरचुरायचे, म्हणून त्यालाही गॉगल.

26 जुलैला न्यूयॉर्क. खर्च सुमारे 8,000 डॉलर. पैजेचे 50 त्याने घेतलेच नाहीत.

मला आवडतो तो पुढचा भाग. तिथून तो बर्लिंग्टनला, घरी निघाला. सामोरे आलेल्या भावांच्या दोन्ही गाड्या बंद पडल्या, त्या ओढून आणल्या विंटननेच. आणि मग गॅरेजच्या उंबऱ्यात तिची चेन तुटली. अख्ख्या प्रवासात न बदललेली, मूळची.