जकुझी, जेट पंप आणि लातूरची पाण्याची गाडी

वीकेंडला व्हिला बुक करताना ‘जकुझी आहे का?’ हा प्रश्न हल्ली आपल्यातले बरेचजण हमखास विचारतात. पण जकुझी हे एका कुटुंबाचं आडनाव आहे, हे फार जणांना ठाऊक नसतं. आणि त्या आडनावाचं आपल्या नांदेड-लातूरकडच्या विहिरींशी लांबचं नातं आहे असं म्हटलं, तर तुम्ही म्हणाल याला शनिवारी दुसरं काम दिसत नाही. नाहीच आहे!

तर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतून कॅलिफोर्नियात गेलेले हे सात जकुझी भाऊ. आधी विमानांचे पंखे करायचे, मग विमानही केलं. १९२१ मध्ये ते कोसळलं आणि जिओकोंडो हा भाऊ त्यात गेला. घरच्यांनी विमानाचा नाद सोडायला लावला. मग भाऊ वळले शेतीच्या पंपांकडे, आणि १९२०च्या दशकात त्यांचा जेट पंप आला.

साधा पंप वर ठेवून पाणी ओढायचं तर सात-आठ मीटरच्या पुढे तो दमतो. जेट पंपात थोडं पाणी अरुंद तोंडातून जोरात खाली सोडतात, तिथला दाब घटतो आणि आजूबाजूचं पाणी त्याच्यासोबत वर येतं. व्हेंचुरी, सेकंड इयर, दहा मार्कांचा प्रश्न. आठवलं?

पुढे कँडिडो जकुझीच्या लहान मुलाला, केनेथला, संधिवात झाला. गरम पाण्याच्या झोतांनी त्याला आराम पडायचा, म्हणून घरच्याच टबात बसेल असा पंप तयार झाला. १९५६ मध्ये तो जे-३०० नावानं बाजारात आला. १९६८ मध्ये रॉय जकुझीनं झोत टबाच्या भिंतीतच बसवले आणि औषधाची चैन झाली.

इकडे मराठवाड्यात खाली बसाल्टचा कातळ. त्यात पाणी मुरतं ते फटींमध्ये, तेवढंच. १९७२च्या दुष्काळानंतर बोअर घेणं वाढलं, मग जेट पंप आले, मग सबमर्सिबल. पाणी अजून खोल गेलं की पाईप अजून खाली. बटण दाबलं की पाणी येणारच, हा भरवसा या यंत्रानं दिला. टबवाल्यालाही आणि ऊसवाल्यालाही.

हा भरवसा २०१६ मध्ये तुटला. मी तेव्हा नांदेडला विष्णुपुरीत शिकत होतो. लातूरची पोरं सुट्टीला घरी जायला नको म्हणायची, ‘घरी एक माणूस वाढला की एक घागर वाढते.’ लातूरला पाणी पुरवणारं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये शहरातल्या पाण्याच्या ठिकाणी जमावबंदीचं कलम १४४ लावलं, भांडणं नकोत म्हणून. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पहिली पाण्याची गाडी आली. १० वाघिणी, ५ लाख लिटर. वाघिणी आधी राजस्थानात कोट्याला वाफेनं धुऊन घेतल्या होत्या. पुढे ५० वाघिणींची गाडी सुरू झाली, एका खेपेला २५ लाख लिटर. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले.

आता आपला आवडता उद्योग, भागाकार. २०११च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर होती. म्हणजे पहिल्या गाडीतून माणशी सव्वा लिटर, मोठ्या गाडीतून साडेसहा. चार-पाच जणांच्या हॉट टबात साधारण दीड हजार लिटर मावतं. मोठ्या गाडीच्या हिशेबानं एका टबात सव्वादोनशे लातूरकरांचा वाटा!

म्हणून टब फोडून टाका, असं म्हणणं नाही. एकदा भरलेलं पाणी किती दिवस चालवता येतं, हा खरा प्रश्न आहे. गरम पाण्यातलं क्लोरीन लवकर उडतं आणि थोड्या पाण्यात जास्त माणसं बसतात, त्यामुळे टब पूलपेक्षा लवकर खराब होतो. पीएच ७.२ ते ७.८ ठेवायचा, फिल्टर धुवायचा, झाकण लावायचं. झाकणामुळे वाफ वाचते. ती उडाली की क्षार मागे राहतो, आणि वरून बोअरचं जड पाणी ओतत राहिलात तर तो वाढतच जातो, हीटरवर थर चढतो. शेवटी सगळं पाणी बदलावंच लागतं, एरवी तीन-चार महिन्यांनी. काढलेलं पाणी गटारात सोडू नका. क्लोरीन टाकणं बंद करून टब काही दिवस उघडा ठेवा, मग ते फरशीला, फ्लशला चालतं.

पण यातली सगळ्यात स्वस्त युक्ती यंत्राच्या कितीतरी आधीची आहे. जपानी घरात आधी बाहेर साबण लावून अंग धुतात, मगच गरम पाण्यात बसतात. तेच पाणी घरातले सगळे वापरतात, मध्ये झाकण ठेवतात, आणि उरलेलं कपड्यांना जातं. आपल्याकडे दुष्काळात बाजेवर बसून अंघोळ करायची आणि खाली परात ठेवायची. परातीतलं पाणी कपड्यांना किंवा जनावरांच्या गोठ्यात. दोन्हीकडे हिशेब एकच: पाणी एकदाच येणार आहे, त्याला कितीदा कामाला लावायचं?

गरम पाण्यात बसायची हौस आपल्याकडेही जुनीच. नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यात पैनगंगेकाठी उनकेश्वरला गंधकाचा गरम झरा आहे. त्वचेच्या आजारांवर उतारा म्हणून लोक तिथल्या कुंडांत अंघोळीला जातात. तिथे पंप, हीटर काही लागत नाही, पाणी जमिनीतून आपोआप येतं. आपल्या टबाखाली असा झरा नाही, तिथे कुणाच्या तरी बोअरचं नाहीतर धरणाचं पाणी असतं.

त्या उन्हाळ्यानंतर पाऊस चांगला झाला, मांजरा भरलं, शंभरावर खेपा करून पाण्याची गाडी बंद झाली. धरण भरलं की आपण हिशेब विसरतो. पुढच्या वेळी व्हिला बुक करताना ‘जकुझी आहे का?’ याच्या जोडीला ‘पाणी कुठून येतं आणि शेवटचं कधी बदललं?’ हेही विचारून बघा. एक प्रश्न तब्येतीसाठी, एक गावासाठी.