जुन्या फियाटचे स्टिअरिंग लूज का होते आणि ते कसे दुरुस्त करतात?

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. पण कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या अनेक खासगी पद्मिनी आणि फियाट ११०० गाड्या आजही हौसेने जपल्या जातात. या गाड्यांच्या मालकांची एक तक्रार मात्र सारखी ऐकू येते: 'स्टिअरिंग फिरवतो, पण गाडी लगेच वळत नाही.'

'प्ले' म्हणजे काय?

स्टिअरिंग व्हील थोडे फिरवले तरी चाके हलत नाहीत, त्या मोकळ्या हालचालीला मेकॅनिक 'प्ले' म्हणतात. पद्मिनीत वर्म पद्धतीचा स्टिअरिंग बॉक्स असतो, त्यामुळे थोडा प्ले असणारच. इंजिन बंद आणि चाके सरळ ठेवून व्हीलच्या कडेवर मोजा. अंदाजे २ ते ३ सेंटिमीटरपर्यंत हालचाल असेल तर काळजीचे कारण सहसा नसते. त्याहून जास्त असेल तर तपासणी हवी. नेमकी मर्यादा गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

थेट स्क्रू आवळू नका

स्टिअरिंग बॉक्सवर प्ले कमी करण्यासाठी एक ॲडजस्टिंग स्क्रू असतो. अनेक ठिकाणी गाडी आली की आधी तोच आवळला जातो. इथेच धोका आहे. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे बॉक्समधला वर्म मधल्या भागात जास्त झिजतो. मधला प्ले घालवण्यासाठी स्क्रू जास्त आवळला, तर पूर्ण वळणावर बॉक्स जाम होऊ लागतो आणि वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. शिवाय दोष टाय रॉडमध्ये असेल, तर तो तसाच राहतो. घाटात किंवा हायवेवर हे जिवावर बेतू शकते.

दोष शोधण्याचा सोपा क्रम

१. टायरमधली हवा तपासा. हवा कमी असली तरी स्टिअरिंग सैल वाटते.

२. गाडी जमिनीवर उभी करून हँडब्रेक लावा. एकाने व्हील हलकेच डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर हात ठेवून पाहावे. क्रम असा: कॉलमचा जोड, स्टिअरिंग बॉक्स, ड्रॉप आर्म, मधला रॉड, आयडलर आर्म, टाय रॉड एंड. सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी थांबून राहते, तिथे झीज आहे.

३. बॉक्सचे आणि आयडलर आर्मचे बोल्ट पाहा. व्हील फिरवताना पूर्ण बॉक्सच हलत असेल, तर बोल्ट सैल आहेत किंवा तिथला पत्रा गंजून तडकला आहे. तडकलेल्या पत्र्यावर नुसते बोल्ट आवळून उपयोग नाही. वेल्डिंग करावे लागते.

४. पुढचे चाक जॅकवर उचला आणि गाडी स्टँडवर ठेवा. चाक वर आणि खाली धरून हलवा. प्ले जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग सैल आहे; राहिला तर किंगपिन किंवा त्याचे बुश झिजले आहेत. चाक डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर प्ले आला, तर टाय रॉड एंड संशयित.

दुरुस्ती करताना

झिजलेला टाय रॉड एंड दुरुस्त होत नाही, तो बदलायचा असतो. जुना काढताना किती फेरे बसले ते मोजून ठेवा. नवा तितकेच फेरे बसवला की चाकांची दिशा फार बिघडत नाही. नटची कॉटर पिन दर वेळी नवी घाला. पिनचे भोक जुळत नसेल तर नट सैल करू नका, किंचित आवळून जुळवा.

बाकी सगळे सांधे ठीक झाल्यावरही प्ले उरला, तरच बॉक्सकडे वळा. पुढची चाके उचलून व्हील बरोबर मध्यावर ठेवा, लॉकनट सैल करा आणि स्क्रू एका वेळी फार तर अष्टमांश फेरा फिरवा. प्रत्येक वेळी व्हील एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहा. कुठेही जड लागले तर स्क्रू मागे घ्या. शेवटी स्क्रू धरून ठेवून लॉकनट आवळा. तरीही प्ले राहिला तर बॉक्स खोलून आतले भाग बदलणे हाच उपाय.

बॉक्समध्ये मॅन्युअलमध्ये सांगितलेले गिअर ऑइल हवे. तेल गळते म्हणून काही जण ग्रीस भरतात, पण ग्रीस एकदा दातांवरून बाजूला सरकले की परत येत नाही आणि वर्म कोरडा चालतो. गळती असेल तर सील बदला. किंगपिनला मात्र ठरलेल्या अंतराने ग्रीस द्यावेच लागते.

ॲम्बेसेडरचे काय?

ॲम्बेसेडरमध्ये रॅक-पिनियन स्टिअरिंग आहे, त्यामुळे तिथे रॅकचे रबरी बूट, आतले बॉल जॉइंट आणि रॅकचे माउंटिंग पाहावे लागते. टाय रॉड एंड आणि बेअरिंगची तपासणी मात्र सारखीच.

कोणताही भाग बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्या आणि आधी रिकाम्या रस्त्यावर हळू चालवून पाहा. एखादा सांधा हाताने सहज खालीवर हलत असेल, तर गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका, टो करून न्या.