पॅरिसमधली सभा आणि विष्णुपुरीचा वर्ग

नांदेडहून लातूरच्या रस्त्याने निघाले की थोड्याच वेळात विष्णुपुरी लागते. एका अंगाला गोदावरीचे अडवलेले पाणी, दुसऱ्या अंगाला विद्यापीठाचे आवार. परीक्षेच्या कामासाठी मला तेथे वर्षातून दोनचार वेळा जावे लागते. मागच्या खेपेस काम आटोपून चहाला थांबलो असता माझा एक जुना विद्यार्थी भेटला. खेड्यातला मुलगा, घरची कोरडवाहू शेती. बी. ए. झालेला, आणि एम. ए. ला कोणता विषय घ्यावा या विवंचनेत पडलेला. राज्यशास्त्रात आंतरराष्ट्रीय संबंध आणि सुरक्षा यांचा अभ्यास करावा अशी त्याला ओढ होती. पण घरच्यांनी आणि सोबत्यांनी त्याचे मन कचरवून टाकले होते. तो म्हणाला, "सर, तो विषय दिल्लीतल्या पोरांचा. वकिलाती तिकडं, मंत्रालयं तिकडं. आपल्या नांदेडात बसून त्याचं काय करायचं?"

वाचकहो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी त्याला एवढेच म्हटले, "बाबा रे, तू ज्या विद्यापीठाच्या दारात उभा आहेस, त्याचे नाव काय आणि ते कोणत्या दिवशी स्थापन झाले, ते आधी आठव." नाव स्वामी रामानंद तीर्थांचे. स्थापना १७ सप्टेंबर १९९४ ची. १७ सप्टेंबर म्हणजे आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, हे येथले शाळकरी पोरही सांगेल. परंतु १९४८ साली त्या तारखेला आपला प्रश्न राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीपुढे पडलेला होता, ही गोष्ट पुष्कळ पदवीधरांनाही ठाऊक नसते. तीच येथे सांगावयाची आहे.

प्रथम या विषयाचे थोडे कुळमूळ पाहू. राज्याराज्यांतील संबंध हा स्वतंत्र विषय म्हणून विद्यापीठात आला तो १९१९ साली, वेल्समधील ॲबरिस्टविथ या गावी. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. लाखो तरुण मातीत गेले ते कशामुळे, आणि पुन्हा तसे होऊ नये म्हणून काय करता येईल, हे शोधण्यासाठी तेथे एक अध्यासन निर्माण झाले. ॲबरिस्टविथ काही लंडन नव्हे. समुद्रकाठचे लहानसे गाव ते. आपल्या देशात १९५५ साली दिल्लीला यासाठी एक स्वतंत्र संस्था निघाली आणि १९७० साली ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. तेव्हा विषय राजधानीतच शिकावा लागतो असे मुळीच नाही. जेथे युद्धाची किंवा तहाची झळ लागली, तेथे तो शिकता येतो. आणि झळ म्हणाल, तर ती आपल्याला चांगलीच लागलेली आहे.

आता १९४७ साल डोळ्यांसमोर आणा. १५ ऑगस्टला इंग्रजांची सत्ता गेली. त्या सत्तेबरोबर संस्थानिकांवरील तिचे सार्वभौमत्वही गेले. हैदराबादच्या निजामाने भारतातही सामील व्हायचे नाही आणि पाकिस्तानातही नाही, असे ठरविले. संस्थान लहानसहान नव्हते. सुमारे ८२ हजार चौरस मैलांचा मुलूख आणि दीड कोटीहून अधिक प्रजा. मराठवाड्याचे तेव्हाचे पाच जिल्हे त्यातच होते. चारी बाजूंनी भारत आणि मध्ये हे राज्य. अखेर २९ नोव्हेंबर १९४७ रोजी दोन्ही सरकारांत 'जैसे थे करार' झाला. मुदत एक वर्षाची. भारताने आपला प्रतिनिधी म्हणून कन्हैयालाल मुन्शी यांना हैदराबादेस पाठविले.

हा करार टिकला नाही. का टिकला नाही, हे पाहणे म्हणजेच या विषयाचा पहिला धडा. भारताचे म्हणणे असे, की निजाम सरकारने भारतीय चलनावर निर्बंध घातले, पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले आणि रझाकारांना मोकळे रान दिले. हैदराबादचे म्हणणे असे, की भारताने आपली नाकेबंदी केली. माल येऊ देत नाही, शस्त्रे देत नाही. तंटा झाल्यास लवाद नेमावा असे कलम करारात होते. लवाद मात्र कधी बसला नाही. दोघांनीही त्या कराराकडे वेळ काढण्याचे साधन म्हणून पाहिले. इकडे सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक रात्रीच्या विमानांनी हैदराबादला चोरून शस्त्रे पोचवू लागला. कागदावर शांतता होती आणि दोन्ही बाजूंना तयारी चालली होती.

२१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबाद सरकारने राष्ट्रसंघाला तार करून सुरक्षा समितीकडे दाद मागितली. जे राज्य राष्ट्रसंघाचे सभासद नाही त्यालाही तंटा घेऊन येता येते, अशी सनदेच्या ३५ व्या कलमात सोय आहे. तिचाच आधार घेतला. १३ सप्टेंबरच्या पहाटे भारतीय सेना सोलापूरकडून संस्थानात शिरली. १६ तारखेस पॅरिसमध्ये समितीची बैठक भरली. अध्यक्षपदी ब्रिटनचे अलेक्झांडर कॅडोगन होते. हैदराबादतर्फे मोईन नवाज जंग, भारतातर्फे रामस्वामी मुदलियार. हा विषय चर्चेला घ्यावा की नाही, यावरच मतदान झाले. अकरा सभासदांपैकी आठांनी घ्यावा असे मत दिले. रशिया, युक्रेन आणि चीन तटस्थ राहिले.

आता गंमत पाहा. पॅरिसात वाद चालला होता तो हैदराबाद हे 'राज्य' आहे की नाही याचा. मुदलियारांचे म्हणणे, हैदराबाद हे स्वतंत्र राज्य कधी नव्हतेच, तेव्हा त्याला दाद मागण्याचा अधिकार नाही. आणि दुसऱ्याच दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामाने हैदराबादच्या रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली. १८ तारखेस त्याचे सेनापती अल् इद्रूस यांनी जनरल चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. २२ सप्टेंबरला निजामाने तार पाठवून तक्रार मागे घेतली. मग प्रश्न असा उभा राहिला, की ही तार मोकळ्या माणसाची की जिंकल्या गेलेल्या माणसाची? मे १९४९ मध्ये समितीने पाकिस्तानचे म्हणणेही ऐकले. ठराव कोणताच झाला नाही. पुढे कित्येक वर्षे 'हैदराबाद प्रश्न' समितीच्या यादीत नुसता नावापुरता राहिला.

एवढ्यानेही प्रकरण संपले नाही. त्याच सप्टेंबरात निजामाच्या खात्यातले १० लाख पौंडांहून अधिक पैसे लंडनच्या बँकेतून पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावे गेले. निजामाने ते परत मागितले. बँकेने दोघांच्या भांडणात ते अडकवून ठेवले. त्याचा निकाल लागला २ ऑक्टोबर २०१९ रोजी, म्हणजे ७१ वर्षांनी! तोवर रक्कम वाढून सुमारे साडेतीन कोटी पौंड झाली होती आणि इंग्लंडच्या न्यायालयाने ती भारत व निजामाचे वारस यांच्या बाजूने दिली. राज्य म्हणजे काय, सार्वभौम कोण, कोणाच्या सहीला काय किंमत, हे प्रश्न पुस्तकी वाटतात खरे. पण त्यांच्यावर फौजा चालतात आणि पैसे अडतात.

येथवरची हकिकत मी वर्गात सांगतो तेव्हा मुले खूष होतात. आपले नाव पॅरिसात निघाले याचा त्यांना अभिमान वाटतो. पण मग मी त्यांना एक प्रश्न विचारतो आणि वर्ग गप्प होतो. त्या समितीचे नावच सुरक्षा समिती. तर मग सांगा, तेथे ज्या सुरक्षेची चर्चा झाली ती कोणाची?

निजामाचा वकील आपल्या राज्याच्या सुरक्षेबद्दल बोलला. भारताचा प्रतिनिधी आपल्या बाजूने बोलला. आमच्या गोदाकाठच्या माणसाच्या वतीने तेथे कोण होते? स्वामी रामानंद तीर्थ स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष. त्यांना १९४८ च्या जानेवारीत पुन्हा तुरुंगात टाकले होते, ते संस्थान पडल्यावरच सुटले. बिलोलीचे गोविंदराव पानसरे यांची २९ ऑक्टोबर १९४६ रोजी अर्जापूरपाशी हत्या झालेली होती. रझाकारांच्या भयाने गावेच्या गावे ओस पडली. आमच्याकडची माणसे पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात उमरखेडकडे गेली. तेथल्या कॅम्पातून स्वातंत्र्यसैनिक पुन्हा संस्थानात उतरत. रझाकारांचा नेता कासीम रझवी हा लातूरचाच वकील. म्हणजे भय बाहेरून आले नव्हते, ते शेजारच्या गल्लीतून आले होते.

आणि येथेच थांबलो तर मी अर्धाच इतिहास सांगितला असे होईल. पोलीस ॲक्शन पाच दिवसांत संपली. त्यानंतर सूडाची लाट उठली. ज्यांनी रझाकारांचा गणवेश कधी अंगाला लावला नव्हता असे गरीब मुसलमान शेतकरी, विणकर, बागवान त्या लाटेत मारले गेले. भारत सरकारनेच पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती पाठविली. १९४८ च्या अखेरीस ती येथे फिरली. सर्वांत अधिक झळ पोचलेले जिल्हे म्हणून तिने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांची नावे दिली. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होते. सबंध संस्थानातील मृतांचा तिचा अंदाज २७ ते ४० हजार असा आहे. आपला जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचविणाऱ्या हिंदूंची उदाहरणेही त्याच अहवालात आहेत. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही.

आमच्या जुन्या माणसांपैकी काहीजण म्हणतील, "हे कशाला उकरून काढता?" मी त्यांना हात जोडून सांगतो, की मुक्तिसंग्रामाचे मोल याने तसूभरही कमी होत नाही. निजामी राजवट जाणे न्याय्यच होते आणि ती घालविण्यासाठी आमच्या माणसांनी रक्त सांडले. परंतु सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्याने हिशेबाची दोन्ही पाने उघडी ठेवावी लागतात. आधी एका घराने दार आतून लावून रात्री काढल्या, नंतर दुसऱ्या घराने. राज्य सुरक्षित झाले म्हणजे त्याच क्षणी माणूस सुरक्षित झाला, असे होत नाही. तेवढ्यासाठी निराळी तजवीज करावी लागते. हे वाक्य मी कोण्या परदेशी पुस्तकातून घेतलेले नाही. ते आमच्या चार जिल्ह्यांनी शिकविले आहे.

जाता जाता अलीकडचे एक उदाहरण देतो, म्हणजे विषय केवळ जुन्या दु:खाचा वाटणार नाही. विष्णुपुरीहून गोदावरी पुढे धर्माबादेकडे जाते. तेथे तेलंगणाच्या सीमेअलीकडे बाभळीचा बंधारा आहे. त्यावरून महाराष्ट्र आणि तेव्हाचे आंध्र यांत मोठा तंटा झाला. ही दोन राष्ट्रे नव्हेत, एकाच देशातील दोन राज्ये. पण अविश्वासाची जात तीच. वरच्याने पाणी अडविले तर खालच्याने काय करावे? सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल दिला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवावेत, १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावे, आणि हे सर्व नीट होते की नाही ते पाहण्यास तिघांची समिती असावी: एक केंद्राच्या जल आयोगाचा आणि दोन्ही राज्यांचा एकेक. आता 'जैसे थे करारा'शी हे ताडून पाहा. तेथेही तंटा मिटविण्याचे कलम होते, पण ते कागदावर राहिले. येथे तारीख ठरली, माप ठरले, आणि पाहणारे डोळे ठरले. शेजाऱ्याचा भरवसा वाटत नसेल तर भरवशाचे भाषण करून भागत नाही. दरवाजा कोणत्या दिवशी उघडायचा ते लिहून घ्यावे लागते. नदीकाठच्या शेतकऱ्याला हे चटकन कळते.

तेव्हा त्या मुलाला मी शेवटी काय सांगितले? म्हटले, विषय घे. मात्र दिल्लीच्या मुलांची नक्कल करू नकोस. इंग्रजी नीट शीक, त्यावाचून सनद आणि ठराव वाचता येणार नाहीत. पण त्याबरोबर उर्दू लिपीही शीक. निजामाचे दप्तर त्याच लिपीत आहे. तेलुगू तर सीमेपलीकडे नव्हे, धर्माबाद-देगलूरच्या बाजारातच ऐकू येते. मराठवाड्याच्या मुलाला या तीन भाषा जितक्या जवळ, तितक्या त्या दुसऱ्या कोणाला असतील! आणि सर्वांत आधी, १९४८ पाहिलेले कोणी म्हातारे माणूस तुझ्या पंचक्रोशीत उरले असेल तर त्याच्यापाशी जाऊन बस. त्या वेळी जो दहा वर्षांचा होता तो आज नव्वदीच्या जवळ किंवा पलीकडे आहे. हे पुस्तक फार दिवस उघडे राहणार नाही.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, आमच्या आजीला ते कॅम्पातलं आठवतं. आणि गावातल्या एका मुसलमानाच्या घराचं पण ती सांगते; मात्र ते सांगताना आवाज बारीक करते."

मी म्हटले, "तिचा आवाज का बारीक होतो, तेथूनच अभ्यासाला सुरुवात कर."