मूल एक, दारे तीन

वाचकहो, इतिहास म्हटला की आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला नगरचा भुईकोट किल्ला आठवतो, चांदबिबी आठवते, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या अहिल्याबाई आठवतात. त्यांचे नाव तर 2024 साली जिल्ह्यालाच मिळाले. मी आज सांगणार आहे तो इतिहास मात्र साधा आहे. शाळा आणि दवाखाना यांच्या मधल्या वाटेवर हरवलेल्या मुलांचा तो आहे.

माझ्या प्राथमिक शाळेतली गोष्ट सांगतो. मागल्या भिंतीला टेकून बसणारा एक मुलगा आमच्या वर्गात होता. त्याचा कान वाहायचा. गुरुजींनी हाक मारली की तो भलतीकडेच पाही. आम्ही हसायचो, आणि उत्तर आले नाही म्हणून छडी त्यालाच बसायची. बरे, दवाखाना काही दूर नव्हता, शाळेपासून हाकेच्या अंतरावर होता. चौथीत त्याने शाळा सोडली आणि तो शेळ्यांमागे गेला. गुरुजी वाईट नव्हते, डॉक्टरही वाईट नव्हते. पण गुरुजींच्या लेखी तो ‘ढ’ होता, आणि डॉक्टरांच्या केसपेपरावर त्याचे नावच कधी चढले नाही.

असे का होते? याचे मूळ शोधायला थोडे मागे जावे लागेल. आपल्याकडे अपंग मुलांसाठी पहिली कामे उभी राहिली ती शहरात, आणि दयाबुद्धीने. मुंबईत मूकबधिरांची शाळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाली. नगरला ज्या अमेरिकन मराठी मिशनच्या शाळा होत्या, त्याच मिशनच्या ॲना मिलर्डबाईंनी 1900 साली, दुष्काळाच्या त्या दिवसांत, मुंबईत अंधांची शाळा काढली. ही कामे मोठीच होती. मात्र एक विचारसरणी तेव्हापासून रुजली. आंधळ्या-बहिऱ्या मुलाची शाळा वेगळी, दूर, शहरात. गावच्या शाळेचा त्याच्याशी काय संबंध?

पुढे फातिमा इस्माईल यांनी वेगळी वाट धरली. त्यांच्या स्वतःच्या मुलीला पोलिओ झाला होता. तिच्यासाठी वणवण केल्यावर त्यांना वाटले, इतर आयांनी काय करावे? 1947 साली त्यांनी मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी काम सुरू केले. पायाला व्यायाम, मालिश, आधाराचे कॅलिपर हे तर हवेच. पण उपचारात वर्षे जातात, आणि तोवर मुलाचे शिक्षण बुडते. म्हणून उपचारांच्या जोडीला शाळाही आली. पाय आणि पाटी यांची काळजी एकाच वेळी घ्यावी लागते, ही गोष्ट एका आईला कळली ती अशी.

पण हे झाले मुंबईचे. खेड्यात काय? याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला मिळाले. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य 1970 साली तिथे आले. रजनीकांत मूळचे आपल्याच जिल्ह्यातले, शिक्षक आईवडिलांच्या पोटी जन्मलेले. त्यांनी लोकांना विचारले, तुम्हाला काय हवे? लोक म्हणाले, आधी पाणी आणि अन्न. तेव्हा डॉक्टरांनी तिथूनच सुरुवात केली. मग गावोगावच्या बायका निवडल्या. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित. त्यांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्या काळी त्या भागात हजारी 176 बालके वर्षाच्या आत दगावत होती. काही वर्षांतच हा आकडा निम्म्याहून खाली आला. जामखेडला कृत्रिम पाय आणि कॅलिपर तयार करण्याचे कामही सुरू झाले. 1979 साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

यात आपण घ्यायचा धडा कोणता? घरोघर फिरणाऱ्या बाईला ठाऊक असते की कोणाचे मूल अजून बसत नाही, कोणाचे हाकेला वळत नाही. मूल प्रथम ओळखते ते गाव. डॉक्टरची पाळी त्यानंतर येते.

सरकारी पातळीवर मात्र दारे वेगळीच राहिली. कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालात, अशा मुलांना शक्य तिथे नेहमीच्या शाळेत घ्यावे, असे सुचवले. त्यासाठी 1974 साली केंद्राची योजना आली, पण ती समाजकल्याण खात्याकडे. शिक्षण खात्याकडे ती गेली 1982 साली. म्हणजे शाळेत शिकणाऱ्या मुलांची योजना शाळांच्या खात्यात यायला आठ वर्षे लागली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही असेच पहा. शिक्षणाच्या कलमात शाळेतल्या मुलांची पाहणी दर पाच वर्षांनी करा म्हटले आहे, आणि आरोग्याच्या कलमात सर्व मुलांची तपासणी वर्षातून एकदा तरी करा म्हटले आहे. मूल तेच, मोजणी दोनदा. दोन्ही कागद एका टेबलावर आले तर दुधात साखर. नाही आले तर मूल पुन्हा मागल्या भिंतीला!

आता चांगली गोष्ट सांगतो. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येऊन मुले तपासावीत, अशी व्यवस्था आहे. जन्मजात दोष, पोषणातील कमतरता, आजार आणि वाढीतला विलंब, सारे त्यात पाहिले जाते. पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर केंद्राची सोय आहे. समग्र शिक्षेत विशेष शिक्षकही आहेत. दारे आता बऱ्यापैकी उघडी आहेत.

पण पथकाची गाडी एक दिवस येते आणि जाते. मूल उरलेले सगळे दिवस गुरुजींसमोर, बाईंसमोर असते. म्हणून शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, पथक येण्याआधी आपली यादी तयार ठेवा. फळा कोणाला दिसत नाही, कोण डोळे मिचकावतो, कोणाचा कान वाहतो, कोण खेळताना लंगडतो. पथकाने चिठ्ठी दिली तर ते मूल खरोखर दवाखान्यात पोचले की नाही, हे महिन्याने विचारा. आशाताईंना सांगा, अंगणवाडीच्या ताईंना सांगा. एसटीच्या भाड्यापायी किंवा मजुरी बुडते म्हणून चिठ्ठी घरी फडताळात पडून राहते, असेही होते. अशा वेळी ग्रामपंचायतीत शब्द टाका. आणि आईबापहो, ‘मोठेपणी होईल नीट’ असे म्हणून वाट पाहू नका. ऐकू न येणाऱ्या लेकराचे बोलणे पहिल्या काही वर्षांत घडते. ती वर्षे निघून गेली की परत येत नाहीत.

माझा तो वर्गमित्र आजही गावी भेटतो. मोठ्याने बोलले तर ऐकतो, हसून रामराम करतो. लिहिता मात्र येत नाही. त्याला कानाचे औषध आणि पुढल्या ओळीतली एक जागा, एवढेच हवे होते. ते देणारी माणसे दोन होती आणि त्यांच्यात अंतर होते शंभर पावलांचे.

ती शंभर पावले कोणी चालायची, हे आपण आपल्या गावापुरते ठरवावे, इतकीच विनंती करून मी आपली रजा घेतो.