चांदीच्या नाण्यांवरील टांकसाळी खुणा आणि साफसफाईचे नुकसान

चांदीच्या नाण्यांवरील टांकसाळी खुणा आणि साफसफाईचे नुकसान यांतील फरक ओळखणे हा नाणेशास्त्रातील पृष्ठभाग-परीक्षणाचा एक महत्त्वाचा भाग आहे. नाणे पाडताना ठशामुळे, कोऱ्या चकतीमुळे किंवा दाबाच्या प्रक्रियेमुळे पृष्ठभागावर उमटणाऱ्या रेषा, ठिपके व उंचवटे यांना टांकसाळी खुणा म्हणतात. नाणे टांकसाळीबाहेर पडल्यानंतर घासणे, पुसणे, पॉलिश करणे किंवा रसायनात बुडवणे यांमुळे पृष्ठभागात होणारे बदल साफसफाईच्या नुकसानीत मोडतात. दोन्ही प्रकारच्या खुणा नुसत्या डोळ्यांना सारख्या दिसू शकतात. परंतु पहिल्या खुणा नाण्याच्या निर्मितीचा पुरावा असतात, तर दुसऱ्या त्या पुराव्याचा नाश दर्शवतात. त्यामुळे नाण्याची प्रतवारी आणि संग्राहकांच्या दृष्टीने असलेले मूल्य बऱ्याच अंशी या भेदावर अवलंबून असते.

मूलभूत तत्त्व

यंत्राने नाणे पाडताना धातूची कोरी चकती दोन कठीण पोलादी ठशांच्या मध्ये दाबली जाते. ठशावर चित्र व अक्षरे खोलगट आणि उलटी कोरलेली असतात. नाण्यावर ती उठावदार आणि सुलटी उमटतात. हाच नियम ठशावरील दोषांनाही लागू पडतो. ठशावर पडलेला ओरखडा हा खड्डा असल्यामुळे नाण्यावर तो उंच रेषेच्या रूपाने येतो. याउलट, पाडून झालेल्या नाण्यावर पडलेला ओरखडा धातूत खोल उतरतो. म्हणून 'रेषा उंच आहे की खोल' हा परीक्षणातील पहिला प्रश्न असतो.

हा प्रश्न एकटा मात्र पुरेसा नसतो, कारण टांकसाळीत निर्माण होणाऱ्या काही खुणाही खोल असतात. अधिक व्यापक कसोटी कालक्रमाची आहे: संबंधित खूण ठशाचा दाब पडण्यापूर्वीची आहे, दाबाच्या वेळची आहे की त्यानंतरची आहे, हे ठरवावे लागते.

टांकसाळीत निर्माण होणाऱ्या खुणा

ठशाच्या घासणीच्या रेषा: वापरात असलेल्या ठशावर गंज चढल्यास, किंवा मध्ये चकती नसताना दोन ठसे एकमेकांवर आदळून त्यांवर एकमेकांची छाप उमटल्यास, कारागीर ठसा घासून पुन्हा वापरात आणत. या घासणीचे बारीक ओरखडे त्यानंतर पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर उंच रेषांच्या रूपाने येतात. ठशाचा सपाट भाग हा त्याचा सर्वांत वरचा थर असतो आणि चित्र-अक्षरे त्याखाली खोल असतात. घासणी साधारणपणे त्या खोलगट भागात पोहोचत नाही. परिणामी नाण्यावर या रेषा केवळ मोकळ्या भागात दिसतात, अक्षरांच्या पायथ्यापर्यंत जाऊन थांबतात आणि अक्षराच्या पलीकडे त्याच दिशेने पुन्हा सुरू होतात. अमेरिकेच्या मॉर्गन डॉलरवर (१८७८–१९०४ व १९२१) अशा रेषा पुष्कळदा आढळतात.

ठशाचे तडे व गंज: ठशाला गेलेला तडा नाण्यावर वाकड्यातिकड्या उंच रेषेच्या रूपात दिसतो; तो बहुधा कडेपासून निघतो आणि मोकळा भाग व अक्षरे या दोहोंवरून जातो. गंजलेल्या ठशामुळे नाण्यावर बारीक पुरळासारखे उंचवटे येतात.

वजन-जुळणीच्या खुणा: जुन्या काळी ठरलेल्या वजनापेक्षा जड भरलेल्या चकत्या पाडण्यापूर्वी कानशीने घासून हलक्या केल्या जात. युरोपातील थेलर नाण्यांवर आणि अमेरिकेच्या सुरुवातीच्या चांदीच्या नाण्यांवर अशा समांतर, खोल रेषा आढळतात. त्या खोल असल्या तरी दाबापूर्वीच्या असतात. दाबाखाली धातू सरकल्यामुळे त्यांच्या कडा बोथट होतात, काही ठिकाणी त्या अर्धवट बुजतात आणि जेथे दाब कमी पडला तेथे, म्हणजे कडेजवळ किंवा चित्राच्या सर्वांत उंच भागावर, त्या अधिक ठळक राहतात.

इतर खुणा: पट्टी लाटणाऱ्या रुळांच्या समांतर रेषा, धातूचा पापुद्रा सुटणे, ठशात साचलेल्या वंगणामुळे अक्षरे अस्पष्ट उमटणे आणि कमी दाबामुळे चित्र पुसट येणे हेही टांकसाळी दोषच होत. पाडलेली नाणी पोत्यांत भरताना एकमेकांवर आपटून पडणारे छोटे ठोके मात्र दाबानंतरचे असतात. ते आखूड व विखुरलेले असतात आणि त्यांना साफसफाई मानले जात नाही.

टांकसाळी झळाळी

दाबाखाली धातू केंद्राकडून कडेकडे सरकतो. या प्रवाहामुळे कालांतराने ठशावर आणि त्यामुळे नाण्यावर अतिसूक्ष्म अरीय रेषा तयार होतात. एका दिव्याखाली नाणे तिरपे धरून फिरवले असता प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांप्रमाणे फिरताना दिसतात. हीच टांकसाळी झळाळी होय. ती धातूच्या रचनेतून येते, वरून लावलेल्या चमकेतून नव्हे. घासल्याने किंवा आम्लाने या सूक्ष्म रेषा झिजल्या की झळाळी नाहीशी होते आणि कोणत्याही उपायाने ती परत आणता येत नाही. पॉलिश केलेले नाणे भरपूर चमकते. पण ती चमक आरशासारखी सपाट किंवा एकाच दिशेची असते आणि नाणे फिरवल्यावर पट्टे फिरत नाहीत.

साफसफाईचे प्रकार आणि त्यांचे परिणाम

घासणे व पुसणे: चांदी हा मऊ धातू आहे, मोह्‌स मापनश्रेणीवर तिची कठीणता २.५ ते ३ च्या दरम्यान असते. हवेतील धुळीत असणाऱ्या क्वार्ट्झची कठीणता ७ आहे. त्यामुळे कोरड्या सुती कापडाने पुसतानाही कापड व नाणे यांच्या मधल्या धुळीने ओरखडे पडतात. राख, रांगोळी, टूथपेस्ट किंवा भांडी उजळण्याच्या भुकट्यांनी होणारे नुकसान अधिक असते. असे ओरखडे केसासारखे बारीक, खोल, जुडग्यांनी येणारे आणि पुष्कळदा वर्तुळाकार किंवा एकाच दिशेचे असतात. ते मोकळ्या भागासह मुखवट्याच्या गालावरून, केसांवरून व अक्षरांच्या माथ्यावरून जातात. पण अक्षरांच्या अरुंद कोपऱ्यांत कापड पोहोचत नसल्याने तेथे ते आढळत नाहीत.

तारेच्या ब्रशने घासणे: फिरत्या तारेच्या ब्रशने नाण्याला कृत्रिम झळाळी देण्याचा प्रकार फसवणुकीसाठी केला जातो. यात पृष्ठभागावरील धातू ढकलला जाऊन अक्षरांच्या एका बाजूला त्याची बारीक वळी साचते. भिंगातून ती दिसल्यास संशयाला जागा उरत नाही.

रासायनिक साफसफाई: चांदीवरील काळेपणा हा मुख्यतः सिल्व्हर सल्फाइडचा थर असतो. आम्लयुक्त थायोयुरियाच्या द्रावणात तो विरघळतो. पण थर तयार होताना खर्ची पडलेली चांदीही त्याबरोबर जाते. वारंवार बुडवल्यास नाणे पांढरेफटक व निस्तेज होते. खाण्याचा सोडा व ॲल्युमिनियमचा कागद वापरून केलेल्या प्रक्रियेत सल्फाइडचे पुन्हा चांदीत रूपांतर होते, परंतु ही चांदी मूळ रचनेत बसत नाही. त्यामुळे रंग उजळतो, झळाळी परत येत नाही. रासायनिक साफसफाईत ओरखडे नसल्यामुळे ती ओळखणे अधिक अवघड असते.

फरक ओळखण्याच्या कसोट्या

१. एकाच दिव्याचा तिरपा प्रकाश आणि ५ ते १० पट मोठे दाखवणारे भिंग वापरतात. उंच रेषेची दिव्याकडील बाजू उजळते. खोल रेषेची दिव्यापासून दूरची भिंत उजळते. छायाचित्रात उंच-खोलाचा भास उलटा होऊ शकतो, म्हणून नाण्यावरील अक्षर, जे निश्चितपणे उंच असते, तुलनेसाठी घेतात.

२. रेषा अक्षरापाशी थांबते की अक्षरावर चढते, हे पाहतात. अक्षराच्या पायथ्याशी थांबून पलीकडे सुरू होणारी उंच रेषा ठशाची असते. अक्षराच्या माथ्यावरून जाणारी खोल रेषा नंतरची असते.

३. त्याच ठशावरून पाडलेल्या दुसऱ्या नाण्याशी तुलना करतात. ठशाची रेषा त्याच जागी पुन्हा आढळते. साफसफाईचा ओरखडा त्या एकाच नाण्याचा असतो.

४. झीज आणि चमक यांचा मेळ पाहतात. चलनात झिजलेल्या नाण्याचा उंच भाग सपाट व करडा दिसणे स्वाभाविक आहे. झिजलेले नाणे सर्वत्र सारखेच चकचकीत असेल, किंवा मोकळा भाग पांढरा आणि अक्षरांच्या कडेला काळा मळ असेल, तर ते घासलेले असण्याचा संभव मोठा असतो.

५. रंगाचा क्रम पाहतात. नैसर्गिक थर जसजसा जाड होतो तसतसा रंग फिकट सोनेरी, तांबूस-किरमिजी, निळा आणि शेवटी काळपट असा बदलत जातो व छटा एकमेकींत मिसळतात. साफ केलेल्या नाण्यावर पुन्हा रंग चढला तरी जुने ओरखडे थराखाली दिसत राहतात.

भारतीय रुपयांच्या संदर्भात

१८३५ पासून पाडल्या गेलेल्या ब्रिटिश भारतातील एकसमान रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम व चांदीचे प्रमाण सुमारे ९१.७ टक्के होते. या मालिकेत लहानशा खुणेवर नाण्याची ओळख अवलंबून असते. जॉर्ज पंचमच्या रुपयांवर मुंबई टांकसाळीची खूण म्हणजे मागील बाजूस तळाशी, कमळाच्या फुलाखाली असलेला बारीक उठावदार ठिपका. कोलकात्याच्या रुपयावर तो नसतो. व्हिक्टोरियाच्या १८६२ सालाच्या रुपयावर पुढे १८७४ पर्यंत तेच साल राहिले, आणि मुंबईत पाडलेल्या नाण्यांवर ठिपक्यांच्या संख्येतील फरक आढळतो. जोरात घासल्याने असे ठिपके पुसट होतात आणि नाण्याचा प्रकार ठरवणेच अशक्य होऊन बसते.

महाराष्ट्रात अनेक घरांतील चांदीचे रुपये दिवाळीच्या लक्ष्मीपूजनात मांडले जातात आणि त्यापूर्वी ते घासून उजळण्याची पद्धत आहे. पिढ्यानपिढ्या घासलेल्या अशा नाण्यांवर वर्तुळाकार ओरखडे व गुळगुळीत झालेले मुखवटे आढळतात. रुपयांच्या माळा करण्यासाठी कड्या जोडलेल्या असल्यास कडेवर डाखाचे अवशेष व कानशीच्या खुणा राहतात. या खुणा उठावदार चित्रावरून व कडेच्या कंगोऱ्यांवरून जातात आणि त्यांच्या कडा तीक्ष्ण असतात. वजन-जुळणीच्या खुणांपासून त्या यावरूनच वेगळ्या ओळखता येतात.

पेशवेकालीन अंकुशी किंवा चांदवडी रुपयांसारख्या हाताने पाडलेल्या नाण्यांना हे निकष सावधपणे लावावे लागतात. चकती ठशापेक्षा लहान असल्याने तुटलेला मजकूर, कडेच्या भेगा आणि एका बाजूचा पुसटपणा ही त्या पद्धतीची वैशिष्ट्ये आहेत. सराफांनी पारखीसाठी ठोकलेले छोटे शिक्के टांकसाळीचे नसतात आणि साफसफाईचेही नसतात. त्यांची नोंद चलनाच्या इतिहासाचा भाग म्हणून केली जाते.

प्रतवारी व मूल्य

नाण्यांच्या प्रतवारीसाठी ७० गुणांची शेल्डन श्रेणी मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. विल्यम शेल्डन यांनी ती १९४९ मध्ये अमेरिकी सेंट नाण्यांसाठी मांडली होती. प्रोफेशनल कॉइन ग्रेडिंग सर्व्हिस (स्थापना १९८६) व न्यूमिस्मॅटिक गॅरंटी कंपनी (स्थापना १९८७) या संस्था साफसफाईने बिघडलेल्या नाण्याला सहसा अंकात्मक प्रत देत नाहीत; नाणे अस्सल असल्याचे नमूद करून दोषाची नोंद करतात. ठशाच्या घासणीच्या रेषांमुळे मात्र नाणे प्रतवारीतून बाद होत नाही. चुकीच्या निदानाचे परिणाम दोन्ही बाजूंनी होतात: ठशाच्या रेषांना ओरखडे समजल्यास चांगले नाणे स्वस्तात विकले जाते, आणि पॉलिशला झळाळी समजल्यास बिघडलेल्या नाण्याला अवाजवी किंमत मोजली जाते.

जतन

संग्राह्य नाणे साफ न करणे हा सर्वमान्य नियम आहे. नाणे कडेने धरावे व कोरड्या जागी ठेवावे. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून निघणाऱ्या द्रव्यामुळे नाण्यावर हिरवट चिकट थर येतो, म्हणून ती टाळतात. असा थर किंवा तेलकटपणा काढण्यासाठी शुद्ध ॲसिटोन वापरतात. ते चांदीवर परिणाम करत नाही, परंतु ज्वालाग्राही असल्याने उघड्या ज्योतीपासून दूर व हवेशीर जागी वापरावे लागते. त्यानंतरही नाणे न घासता आपोआप सुकू दिले जाते. काळेपणा हा सहसा दोष नसून पृष्ठभाग अस्पर्शित असल्याचे लक्षण असू शकतो.

हे सुद्धा पहा

नाणेशास्त्र
मुंबई टांकसाळ
भारतीय रुपया
चांदी